दर पावसाळ्यात गॅस संपतो? आधी दार बघा

प्रश्न असा आलाय: "बेळगाव जिल्ह्यात खानापूरजवळ आमचा दूध आणि मिठाईचा लहान धंदा आहे. १० बाय ८ फुटांची वॉक-इन कोल्डरूम बसवून चार वर्षं झाली. ३ अंशांवर सेट केलीय. मृग लागला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तापमान ८-९ च्या खाली उतरत नाही. मेस्त्री येतात, गॅस कमी आहे म्हणतात, भरून जातात. महिनाभर बरं, परत तेच. यंदा तर एप्रिलमध्ये दुपारच्या वेळी मशीन मधेच बंद पडायला लागलं होतं. रुटीन मेंटेनन्स म्हणजे नेमकं काय करायचं, किती दिवसांनी?"

मालक, "मृग लागला की" असं तुम्हीच लिहिलंय. गॅसला मृग कळतो होय? गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खपत नाही. बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती पावसाळ्यापुरती येऊन दिवाळीला आपोआप बुजत नाही. खानापूर भागात पावसाळ्यात बदलते ती हवा, आणि तुमची तक्रार त्या हवेचीच आहे असं मला तरी वाटतंय.

तुमच्याकडं काय होत असेल ते सांगतो. कॉइल बर्फानं बुजली की तिच्यातून हवा जात नाही. हवा नाही म्हणजे आतल्या गॅसला उष्णता मिळत नाही, त्यामुळं सक्शनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडं परत जाणाऱ्या गॅसचं, प्रेशर खाली येतं. मेस्त्री गेज लावतो, काटा खाली बघतो आणि गॅस कमी म्हणतो. काटा खाली असतो हे खरंच, पण कारण दुसरं असतं. तो गॅस भरतो. जाता जाता मशीन बंद ठेवून बर्फ वितळवतो, आणि खरा गुण त्या वितळवण्याचा असतो, गॅसचा नव्हे. महिनाभरात परत बर्फ, परत गॅस. असं तीन वर्षं झालं की सिस्टिममध्ये जादा गॅस साचतो. तो जाणार कुठं? बाहेरच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलमध्ये, द्रव होऊन बसतो, तिथली जागा अडवतो, आणि एप्रिलच्या दुपारी हाय प्रेशरचा कटआऊट मशीन बंद करतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. कंडेन्सर कचऱ्यानं भरला असेल तरी एप्रिलमध्ये हेच होतं, त्यामुळं आधी तो धुऊन बघा आणि मगच गॅसवर आळ घ्या.

ओळखायचं कसं? पुढच्या वेळी बर्फ दिसला की वितळवण्याआधी शिडी लावा आणि नीट बघा. पूर्ण कॉइलच्या तोंडावर सारखा पांढरा थर असेल, तर पाणी आणि हवेचा प्रश्न आहे. गॅस खरोखर कमी असेल तेव्हा बर्फ फक्त एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस कॉइलमध्ये शिरतो त्या, बाजूच्या पहिल्या काही नळ्यांवर दिसतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते. मशीन चालू असताना बाहेरच्या साईट ग्लासमध्ये, म्हणजे नळीवरच्या काचेच्या खिडकीत, सतत बुडबुडे दिसत असले तर संशय आणखी पक्का. हे बघायला गेज लागत नाही, दोन डोळे पुरतात. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मेस्त्रीशी वाद घालायला उपयोगी पडतो.

एक मात्र करू नका. बर्फ टोकरायला स्क्रू ड्रायव्हर, चाकू, उलथनं, काहीही कॉइलला लावू नका. हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी संकेश्वरच्या बाजूला एका हॉटेलात गेलो होतो. मालक घाई करत होता, सांजेला लग्नाची ऑर्डर होती. मी बर्फाच्या ढेपेत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हातोडीनं हळूच ठोकला. फुस्स आवाज झाला. पहिल्यांदा वाटलं बर्फातली हवा असेल. मग तोंडावर गार धूर आला आणि तेलाचे बारीक थेंब चष्म्यावर. तांब्याची नळी फुटली होती, दहा मिनिटांत अख्खा गॅस बाहेर. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त दोन महिने मला कॉइलजवळ फिरकू दिलं नाही. बर्फ काढायचा तर मशीन बंद, दार उघडं, पंखा चालू, आणि थांबायचं. फार घाई असेल तर नळाचं साधं पाणी पाईपनं हळू सोडा. तेसुद्धा मेन स्विच बंद करून आणि पंख्याच्या मोटारी झाकून.

आता पाणी येतं कुठून? जून ते सप्टेंबर आपल्याकडची, त्यातही जांबोटी-खानापूरच्या बाजूची हवा म्हणजे पिळून काढावी इतकी ओली. खोली ३ अंशांवर ठेवायची तर कॉइल शून्याखाली चार-पाच अंश असते. दार उघडलं की ती ओली हवा आत शिरते, वाफ कॉइलवर जाऊन बसते आणि गोठते. एक लिटर पाण्याएवढी वाफ कॉइलवर बर्फ झाली, तर मशीनला जेवढी उष्णता ओढावी लागते तेवढ्यात नळाचं नऊ लिटर पाणी उकळीला येईल. हिशेब करून बघा, दिवसभरात दार किती वेळा उघडं राहतं. आणि गरम खवा? चुलीवरून उतरलेली परात थेट कोल्डरूममध्ये नेणारे कारागीर मी बेळगावातच कितीतरी बघितलेत. कुंदा करणाऱ्यांना घाई असते, समजू शकतो. पण ती वाफ सगळी कॉइलवर जाते. पसरट ताटात पंख्याखाली वाफ जाऊ द्या आणि मगच आत ठेवा. मात्र बाहेर तासन्‌तास विसरूही नका, दुधाचा पदार्थ आहे. धारेचं कोमट दूधही वॉक-इनमध्ये गार करायचं नसतं. त्याला बल्क कूलर असतो. वॉक-इन गार माल गार राखायला बनवलेली आहे.

तर मेंटेनन्सची सुरुवात दारापासून. रात्री बाहेरचे दिवे मालवा, एका पोराला बॅटरी घेऊन आत उभं करा, दार लावा आणि त्याला कडेकडेनं उजेड फिरवायला सांगा. बाहेर जिथं रेघ दिसेल तिथून हवा जातेय. दुसरी परीक्षा नोटेची: दहाची नोट दाराच्या कडेच्या रबरात, म्हणजे गास्केटमध्ये, धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथला गास्केट सैल आहे. खालच्या कोपऱ्यात हमखास निघते, कारण तिथंच ट्रॉली आपटते आणि तिथंच दुधाचं पाणी साचून रबर कडक होतं. गास्केट आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि साध्या साबणानं पुसा. ॲसिड आणि ब्लीच नको, रबर तडकतं. रबर चांगलं असूनही दार बसत नसेल तर बिजागऱ्या बघा. दार खाली लोंबकळलेलं असतं, दोन नट आवळले की काम होतं आणि नव्या गास्केटचे पैसे वाचतात. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असेल तर तो कामगारांनी बाजूला बांधून ठेवलेला असणार, पैज लावतो. तोंडाला लागतो, चिकट असतो, म्हणून बांधतात. पडदा दर आठवड्याला धुतला तर बांधणार नाहीत.

पॅनलच्या सांध्यांवरून हात फिरवा. पावसाळ्यात बाहेरून एखाद्याच ठिकाणी घाम सुटत असेल, तर तिथलं सिलिकॉन गेलंय. कोरड्या दिवसात जुनं खरवडून नवं भरा. पफमध्ये, म्हणजे पॅनलच्या आतल्या फोममध्ये, पाणी मुरलं की तो पॅनल कामातून गेला, परत वाळत नाही. उंदीरही तिथूनच घर करतात.

दुसरी गोष्ट डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणं, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. उणे अठराच्या फ्रीझर रूममध्ये बर्फ काढायला कॉइलमध्ये हीटर असतात. तुमच्यासारख्या ३ अंशांच्या खोलीत ते बहुधा नसतात. कॉम्प्रेसर थांबला की पंखा चालू राहतो, खोलीतली शून्याच्या वर असलेली हवा कॉइलवरून जाते आणि बर्फ वितळतो. पण त्यासाठी कॉम्प्रेसर थांबायला हवा ना! पावसाळ्यात दार सारखं उघडं, माल कोमट, म्हणून तापमान गाठलं जात नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही, बर्फ वाढतो, तापमान आणखी चढतं. हे चक्र आपोआप सुटत नाही. कंट्रोलरमध्ये वेळेवर डीफ्रॉस्ट घ्यायची सोय असते, ती बऱ्याच ठिकाणी बसवल्या दिवसापासून कुणी बघितलेलीच नसते. मेस्त्रीकडून दिवसातून चार वेळा, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटं अशी लावून घ्या. पावसाच्या चार महिन्यांत सहा वेळा. माल भरायच्या वेळा टाळा. पहाटे दूध येतं तर रात्री दोनला एक आणि माल भरून झाल्यावर दोन तासांनी एक. आणि एवढं तपासा, की डीफ्रॉस्टमध्ये आतला पंखा फिरतोय ना. लाईट बिल वाचवायला म्हणून कुणीतरी पंख्याची वायर कॉम्प्रेसरच्या काँटॅक्टरवर (तो चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचवर) जोडलेली मी दोनदा पकडलीय. कॉम्प्रेसर थांबला की पंखाही थांबायचा, मग बर्फ वितळणार कसा?

वितळलेलं पाणी ट्रेमधून पाईपनं बाहेर जातं. या पाईपला खोलीच्या बाहेर यू आकाराचा वाकवा हवा, त्यात पाणी भरलेलं राहिलं की बाहेरची ओली हवा उलटी आत येत नाही. वाकवाच नसलेल्या कोल्डरूम मी भरपूर बघितल्यात. असला तर त्यात शेवाळ, दुधाची साय आणि झुरळं. दर पंधरा दिवसांनी ट्रेमध्ये बादलीभर कोमट पाणी ओता आणि बाहेर धार तशीच पडते का बघा. थेंब थेंब आली तर पाईप साफ करायचा.

कॉइलचे फिन, म्हणजे नळ्यांवरचे पातळ पत्रे, सहा महिन्यांतून एकदा धुवायचे, सौम्य कॉइल क्लीनरनं. दुधाच्या आणि आंबट मालाच्या वाफेनं फिन कुजतात, आणि ॲसिडवाला क्लीनर वापरला तर आणखी लवकर. माल रचताना भिंतीपासून चार-सहा इंच सोडा, जमिनीवर थेट ठेवू नका, आणि पंख्यासमोर छतापर्यंत क्रेट लावू नका. दिवाळीत सगळेच लावतात. मग पुढचा माल गोठतो आणि दाराकडचा नासतो.

आता बाहेरची बाजू, म्हणजे कंडेन्सर. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीची काळी धूळ, गावात रस्त्याची लाल माती, आणि मिठाईवाल्यांकडं भट्टीचा तेलकट धूर. शहापुरात एका दुकानी आऊटडोअर युनिट, म्हणजे कंडेन्सरची बाहेरची पेटी, भट्टीच्या मागच्या बोळात बसवलं होतं. हाय प्रेशरवर ट्रिप होतंय म्हणून बोलावलं. बोट लावलं तर थर गोधडीसारखा उलगडून हातात आला. तूप, धूळ आणि काजळी मिळून झालेला. नुसत्या ब्रशनं तो आत दाबला जातो, म्हणून तेलकट जागी आधी डिटर्जंटचं कोमट पाणी फवारून वीस मिनिटं भिजू द्यायचं. मग पाणी मारायचं ते हवा जाते त्याच्या उलट दिशेनं, म्हणजे पंख्याच्या बाजूनं बाहेर. गाड्या धुवायचं जेट मशीन लावू नका. फिन आडवे झोपतात आणि मग हवाच जात नाही. झोपलेले असतील तर त्यासाठी फिनची फणी मिळते. हे काम महिन्यातून एकदा, भट्टीजवळ असेल तर पंधरा दिवसांनी. मेन स्विच बंद करूनच.

यात पैसा किती जातो ते सांगतो. बाहेर ३७ अंश असले तर स्वच्छ कंडेन्सरमध्ये गॅस साधारण पन्नासच्या आसपास द्रव होतो. कचरा बसला की हा आकडा चढत जातो, आणि प्रत्येक अंशामागं वीज साधारण दोन-तीन टक्के जास्त जाते. आठ-दहा अंश चढणं ही रोजचीच गोष्ट आहे. आऊटडोअरवर पत्र्याची सावली करा, पण चारी बाजूंनी खोकं करू नका. गरम हवा तिथंच फिरत राहते. आणि खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करा, मीही करतो, पण झेंडूचा हार पंख्याच्या जाळीवर नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंख्यात गुंडाळलेले हार काढायला मी दरवर्षी एक-दोन ठिकाणी जातोच.

पॅनलबोर्डाचं काम मालकानं करायचं नाही, पण मेस्त्रीनं काय केलं ते बघायचं. मेन बंद करून सगळे टर्मिनल आवळलेत का, काँटॅक्टरचे पॉइंट काळे पडलेत का. पाली तिथं उबेला येतात आणि दोन पॉइंटमध्ये चिरडतात. मग एक फेज लागत नाही आणि मोटार जळते. बोर्डाची भोकं सील करणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. टाँग टेस्टरनं, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावायच्या मीटरनं, तिन्ही फेजचे अँपिअर घेऊन कॉम्प्रेसरच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडायचे. फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) आहे ना आणि खरंच चालतो ना, हे एक फेज काढून दाखवायला सांगा. तुमच्याकडं जनरेटर असेल तर त्याची फेज रोटेशन, म्हणजे फेजचा क्रम, मेनलाईनशी जुळते का हेही. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खडखडाट करतो, गार काहीच करत नाही, आणि मालकाला वाटतं गॅस गेला. वादळी पावसात दिवसभर लाईट गेली असेल आणि कॉम्प्रेसरला तळाचा हीटर असेल, तर लाईट आल्यावर लगेच मशीन सुरू करू नका. हीटरला काही तास द्या. थंड तेलात गॅस विरघळून बसलेला असतो, एकदम सुरू केलं की तेल फेसाळून निघून जातं आणि बेअरिंग कोरडे पडतात.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? दाराबाहेर दोरीनं एक वही आणि पेन टांगा. सकाळी उघडताना, दुपारी दोनला आणि रात्री बंद करताना खोलीचं तापमान लिहायचं. आठवड्यातून एकदा कॉइलवर बर्फ किती ते बघून एक शब्द. माझ्या गिऱ्हाइकांकडं कामगार कुणी कन्नड, कुणी मराठी, आता ओडिशा-बिहारचीही पोरं आहेत. शेरे कुठल्याही भाषेत असू द्या, आकडे मला वाचता येतात. तीन आठवड्यांची वही बघितली की मी निम्मं निदान गाडीत बसूनच करतो: सकाळचे आकडे चांगले आणि रात्रीचे वाईट असतील तर दार आणि माल, सगळेच दिवसेंदिवस अर्ध्या अंशानं चढत असतील तर कंडेन्सर किंवा गळती. कंट्रोलरवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. बर्फाचा चुरा करून थोडं पाणी घाला, सेन्सर त्यात पाच मिनिटं धरा, शून्य दाखवायला हवं. दीड-दोन अंशांचा फरक असेल तर सेन्सर बदला. अन्नसुरक्षेचा नियम गार मालाला ५ अंशांच्या आत आणि गोठवलेल्याला उणे १८ असा आहे, त्यामुळं तुमची ८-९ ही नुसती मशीनची तक्रार राहत नाही.

मेस्त्रीचं मोठं सर्व्हिसिंग वर्षातून तीनदा पुरे: होळीच्या आधी कंडेन्सर आणि प्रेशर, मृगाच्या आधी दार, ड्रेन आणि डीफ्रॉस्ट, दिवाळीचा माल भरायच्या आधी बोर्ड आणि अँपिअर. गॅसचं म्हणाल तर यापुढं कुणी "कमी आहे" म्हटलं की एकच विचारा, गळती कुठं आहे ते दाखवा. जॉइंटवर तेलाचा डाग शोधायचा, साबणाचा फेस लावायचा, नाही सापडली तर गॅस काढून कोरडा नायट्रोजन भरून प्रेशर धरायचं. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. गळती बुजली की नवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी), व्हॅक्यूम पंपानं ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) व्हॅक्यूम, आणि प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून. तुमचं मशीन आर-४०४ए चं असेल तर तो मिश्र गॅस आहे, द्रवरूपातच भरावा लागतो. अंदाजानं, काट्याशिवाय भरणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. तुमच्याकडं आधीच जादा गॅस असण्याची शक्यता आहे, म्हणून या वेळी जुना गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून वजन करायला लावा. किती निघाला ते मलाही कळवा, मला उत्सुकता आहे.

आणि आज संध्याकाळी, बाकी काही करायच्या आधी, दाराच्या आतला सुटकेचा खटका तपासा. एकजण बाहेर उभा राहू दे, तुम्ही आत जा, दार पूर्ण लावून घ्या आणि आतून ढकलून उघडा. चार वर्षांत कुणी तो दाबला नसेल तर गंजून बसलेला असू शकतो. फूड ग्रेड वंगण लावा, आणि आतला दिवा चालू आहे ना तेही बघा.